तुझ्या नावाचा एकर

मंगळवारी आपण दोघांनी गहू निवडले. रेशनचे होते, खडे लई. धाकल्या सुनेनं, सुनंदानं, सूप तुझ्या खाटेवर ठेवलं आणि नळाला पाणी आलं म्हणून ती घागरी घेऊन पळाली. तुझा उजवा हात तीन वर्षांपासून मेलेला. डाव्या हातानं तू गहू इकडून तिकडं करीत होतीस आणि मी डोळे बारीक करून खडे शोधत होतो. मला दिसत नाही, तुला हलता येत नाही. दोघांत मिळून एक धड माणूस तरी व्हायला पाहिजे होता. मी सोडलेला खडा तू करंगळीनं माझ्याकडं ढकलायचीस आणि म्हणायचीस, "आंधळे." लकव्यानं तुझे शब्द अर्धे झाले होते, पण शिव्या सगळ्या पुऱ्या निघायच्या.

मग तू दर मंगळवारी विचारायचीस तेच विचारलंस, "गिऱ्हाईक आलं का?"

मी दर मंगळवारी सांगायचो तेच सांगितलं, "बोलणी चालू हायेत."

तू सुपातला हात थांबवलास. माझ्याकडं बघत राहिलीस. मग एक एक शब्द जुळवून म्हणालीस, "नगं. इकू नगा. माझा एकर... तुमाला ठिवा. मी गेल्यावर तुमाला कोण बघंल?"

तू परत सुपाकडं वळलीस, बोट दाखवलंस आणि म्हणालीस, "खडा." मी तो उचलून खिडकीबाहेर टाकला. माझी साडेचारची गाडी होती, मी उठलो. शुक्रवारी सकाळी तू गेलीस.

कौसा, तो एकर नाही. तो तुझ्या नावावर कधीच नव्हता. तू जिती होतीस तोवर हे सांगायची माझी छाती झाली नाही. आता तू उलटून बोलणार नाहीस म्हणून सांगायला बसलोय. माणूस भेकड असला की असंच करतो. मी चौथीपर्यंतच शिकलेला, मला गोल गोल लिहिता येत नाही. जसं झालं तसं सांगतो.

ते दिवस पाण्याचे होते. माजलगावच्या धरणाचा कालवा आपल्या शिवारातून वाहायचा. जवारी मोडून आपण ऊस लावला. गावात ज्याला त्याला उसाचंच याड. ऊस लावणं सोपं होतं, तो वेळेवर तुटून जाणं अवघड. कारखान्याचा चिटबॉय फटफटीवर फडोफड हिंडून नोंदी घ्यायचा. तो सांगायचा, आधी सभासदाचा ऊस तुटणार, मग उरल्याचा. आणि सभासद व्हायचं तर जमीन आपल्या नावावर पाहिजे. आपली सात एकर सगळी माझ्या एकट्याच्या नावावर. एक नाव, एक शेअर.

त्यानंच डोकं दिलं. आपल्याच वसरीत, तू केलेला चहा पीत म्हणाला, "दादा, पोरांच्या नावावर करून टाका. एकाचे दोन सभासद व्हतेत. ऊसबी येळेवर जाईल आन दिवाळीला सवलतीची साखर दोन घरची यील."

चौघापाचांनी गावात तेच केलं होतं. बाप मेल्यावर वाटणी होते ही जगाची रीत. आम्ही साखरेसाठी जितेपणी करून घेतली.

तहसीलला जायच्या सकाळी तू चुलीपुढं होतीस. भाकरी थापता थापता, वर न बघता बोललीस.

"अवं, समदं देऊन बसू नगा. हिरीवरला एकर माझ्या नावानं ठिवा."

"बाईच्या नावानं कशाला? मी हाय की."

"तुमी हाय, म्हून तर."

मी हसलो. तू हसली नाहीस. भाकरी तव्यावर टाकून म्हणालीस, "पोरीच्या बाळतपणाला आधीपासनं जुनी लुगडी धुऊन ठिवतो. म्हातारपण का त्याच्यापरीस हलकं हाय? त्याला कोन काय ठिवतंय?"

तू हे कुठून बोलत होतीस ते मला कळत होतं. माझ्या मायचं तू डोळ्यानं पाहिलं होतंस. बा गेल्यावर तिच्या नावावर फुटकं मडकं राहिलं नाही. आम्ही दोघं भाऊ तिला महिना महिना वाटून घ्यायचो. महिना भरला की म्हातारी आपलं बोचकं बांधून उंबऱ्यावर येऊन बसायची. कोणी चला म्हणायच्या आधीच. तू तिला म्हणायचीस, "अत्याबाई, जेवून तरी जावा." ती म्हणायची, "आता तिकडलं जेवण लागू झालं गं." तू ते विसरली नाहीस. मी तिच्या पोटचा असून विसरलो.

"ठिवतो," म्हणालो मी. त्या घडीला मनापासून म्हणालो होतो, एवढं खरं मान.

तहसीलला थोरला महादेव होता, धाकला बाळू होता, चिटबॉयबी आला होता. मी एकराचं काढलं तर चिटबॉय म्हणाला, "दादा, एकर कापला तर बाळूचं क्षेत्र कमी पडतंय. त्यो सभासदात बसत न्हाई. मंग हा खटाटोप कावून करायलाव?" महादेवानं माझ्याकडं बघितलं. बाळूनं बघितलं नाही, तो तेव्हा बावीस वर्षांचा, नवं लग्न झालेलं. लिहिणारा पेन उचलून बसला होता. मागं रांग होती. मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या मंग."

दोन शब्द. कौसा, तेवढेच दोन शब्द बोललो मी. त्याच्या आधी भांडण नाही, विचार नाही. मागं रांग होती म्हणून.

घरी आलो तर तू दारातच.

"ठिवला का?"

"ठिवला."

आठ दिवसांनी तू कागद मागितलास. मी बाळूच्या नावाचा उतारा आणून दिला. तू तो उलटा धरून बघितलास, पदराला हात पुसलेस आणि लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलास. पोरांना मी सांगून टाकलं की मायला बोलू नका. महादेव म्हणाला, "माय तितंच पेरणार, तितंच काढणार. कागद काय खायला मागतोय का?" खरंच, त्या खोट्याला काहीच लागत नव्हतं. जे फुकट असतं ते माणूस जपून ठेवतो. आपल्या घरानं ते अठरा वर्षं जपलं.

त्याच आठवड्यात पंच बसले, घरातलं वाटायला. बैल थोरल्याला, इंजन धाकल्याला. भांडी झाली, पत्रे झाले. मग पंचातल्या सोपानरावानं गमतीनं विचारलं, "आन म्हातारा-म्हातारीचं काय करायचं?" कोणीतरी म्हणालं, "बाप थोरल्याला, माय धाकल्याला, हिशेब बरूबर." सगळे हसले. मीबी हसलो. तू आतून ओरडलीस, "मला काय दावं लावून नेनार का रं?" परत सगळे हसले. पंचांनी ते कागदावर लिहिलं नाही, पण कागदावरचं सगळं पुढं मोडलं, विकलं गेलं, आणि न लिहिलेलं तेवढं पाळलं गेलं.

तुझ्या एकराची आठवण काढली की मला अजून हसू येतं, म्हणजे यायचं. बाळूला तिथं ऊस पाहिजे होता. तू विळा घेऊन बांधावर उभी राहिलीस. "माझ्या एकरात माझं चालंल." करडई पेरलीस तू. सगळीकडं हिरवागार ऊस आणि मधी तुझा काट्याकुट्याचा पिवळा तुकडा. लोक म्हणायचे, दादा, म्हातारीला आवरा. मी म्हणायचो, जमीनदारीण हाय ती, मला आवरायची न्हाई. करडईचं तेल काढून आणायचीस. पहिला डबा शांताला, वडवणीला. जावयासमोर डबा ठेवून म्हणायचीस, "हे तुमच्या सासऱ्याचं न्हाई बरं, माझ्या एकराचं हाय." कधी कधी मी लांबून बघायचो, तू पीक सोडून नुसतीच बांधावर बसलेली असायचीस. हातात काम नसलेली कौसा मी फक्त तिथंच पाहिली.

बहात्तरच्या दुष्काळात आपण सडकेवर खडी फोडली तेव्हा तुझं वय काय होतं? सतरा? माझा हात सुजला तर माझा ढीग तू फोडलास आणि मुकादमाला सांगितलंस की ह्यांचाच हाय. त्याचं मी तुला कधी काही बोललो नाही. आपल्यात बोलायची रीत नव्हती. सगळ्या जन्मात मी तुला नावानं दहा वेळा हाक मारली असंल. आता पानापानावर कौसा कौसा लिहितोय, तू असतीस तर म्हणाली असतीस, म्हाताऱ्याला चळ लागला.

मग पाणी गेलं. एक वर्ष गेलं तर कोणी घाबरलं नाही. दुसऱ्या वर्षी धरणात गाळाच्या वर चिखल तेवढा राहिला. कालव्यात बाभळी उगवल्या. ऊस उभ्या उभ्या वाळला, गुरांपुढं टाकला, आणि मग गुरं पण छावणीत. कारखान्याची चिमणी पेटली नाही ती नाहीच. दोन शेअर होते आपल्या घरात. शेअर म्हणजे छापील कागद, त्यावर उसाचं चित्र. ज्या पोरांना सभासद करायला मी तुला फसवलं, त्यांतला महादेव बायकोला घेऊन परजिल्ह्यात लोकाचा ऊस तोडायला जायला लागला. सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं. बाळू माजलगावला गेला, पाण्याच्या जळक्या मोटारींत तार भरायच्या दुकानात. तो म्हणायचा, "दादा, मोटारी जळत्यात म्हून आमचा धंदा. पानीच न्हाई तर मोटार जळंल कशी?"

त्याच उन्हाळ्यात तू विहिरीवर पडलीस. तुला लकवा झाला म्हणजे काय झालं ते कोणाला कळेना. तोंड वाकडं, डोळा उघडा. माजलगाव, तिथून बीड, तिथून पुढं औरंगाबाद. बाळूनं आठ दिवसांत आपल्या नावावरची जमीन विकली. सगळी. हिरीसकट, एकरासकट. घेणारा रशीदभाई, माजलगावचा फळवाला. दुष्काळात जो भाव मिळतो तो मिळाला. बाळूनं एका शब्दानं कुरकूर केली नाही, सही करून सरळ दवाखान्यात आला. त्याला मी बोल लावत नाही. त्या पैशानं तू जगलीस. आणि तो पैसा दीड महिन्यात संपला.

दवाखान्याला लागतं हे समद्यांना ठाऊक असतं. त्याच्यापुढचं अंथरूण किती लांब असतं ते कोणी सांगत नाही. डॉक्टरनं घरी न्या म्हटलं तेव्हा आमचे पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. घरी आणल्यावर कळलं. तुला कुशीवर वळवायचं, दर दोन तासाला. पाठीला जखम झाली तर ती धुवायची. कापडं, गोळ्या, पातळ भात, मालिश करणारा. सुनंदा शाळेचे कपडे शिवायची, तिची मशीन बंद पडली, कारण उठून तुझ्याकडं बघायचं का शिवायचं? बाळूच्या दोन भाड्याच्या खोल्या. एकीत तू, दुसरीत ते चौघं. मी गावात, महादेवाच्या घरात, अर्धं वर्ष एकटा. मला तुला उचलता येत नाही. आणि बाळूकडं राहायचं तर मी थोरल्याच्या वाट्याचा. तिथं खायला लाज वाटायची. दर मंगळवारी दिंद्रूडहून गाडीत बसायचो, फडक्यात स्वतःची भाकरी बांधून. तुझ्या खाटेजवळ बसून ती खायचो आणि साडेचारला निघायचो. पन्नास वर्षं एका ताटलीत जेवलेली बाई, आणि मी तिच्याकडं पाहुणा.

तुला वाचा आली तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललीस? "माझा एकर इका."

सगळं ठरवून ठेवलं होतंस. खाटेवर पडून दुसरं काय करणार होतीस? एकर विकायचा. गावात आपल्याच घरामागं एक खोली काढायची. कामाला बाई ठेवायची, सुनंदाला मोकळं करायचं. "आन तुमी आन मी राहू. मरूस्तोवर पुरंल." बोटावर मोजून दाखवलंस मला. तुझा हिशेब चोख होता. सगळं जमत होतं, फक्त जमीन नव्हती.

त्या दिवशी सांगायचं होतं. सांगायचं होतं की विकला गं, तुझ्याचवर खर्च झाला. जीभ उचलली पण. पण तू आधीच बोललीस, "माझ्या अंगठ्याबिगर कोनाला इकता यायचा न्हाई, ध्यानात ठिवा." म्हणजे विकला म्हणालो तर तू विचारणार, अंगठा कोणाचा घेतला? मग पार वाटणीपर्यंत मागं जावं लागलं असतं. मी म्हणालो, "बगतो गिऱ्हाईक." आणि बघत राहिलो. दुष्काळ आहे, भाव पडलेत, एक जण येऊन गेला, पोळ्यानंतर येतो म्हणाला. काय काय गिऱ्हाईकं उभी केली मी तुझ्यासाठी. एकदा तर पाडळीचा मास्तर म्हणून सांगितलं, तू विचारलंस, पोरंबाळं किती त्याला? मी म्हणालो, तीन पोरी. तू म्हणालीस, "मंग भाव जास्त ताणू नगा."

तहसीलच्या बाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारा बसतो. त्यानं मला एकदा सांगितलं, "दादा, आता कायदा हाय. पोरं सांभाळत नसतील तर अर्ज करा, दिलेली जमीन फिरवून मागता येती." मी तुला ते सांगितलं. तू डाव्या हातानं मला ढकललंस. खरंच ढकललंस, मी स्टुलावरून पडता पडता राहिलो. "सुनंदा माझं गू काढती. तिला साहेबाच्या दारात हुबी करनार?" मग आपण भांडलो. मी म्हणालो पोरांसाठी नाही, तुझ्यासाठी करतोय. तू म्हणालीस, "माझं माझ्याकडं हाय." किती अभिमानानं म्हणालीस. ते भांडण तसंच राहिलं. त्यात तूच खरी होतीस, आणि त्यात खरं असं काहीच नव्हतं.

आता मला एकच कोडं पडलंय, दुसरं काही सुचत नाही. तुला ठाऊक होतं का? तू अडाणी होतीस, पण येडी नव्हतीस. जमीन विकल्यावर माजलगावात चार माणसं बोलली असतील, सुनंदा फोनवर बोलली असंल, एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू येतं. तीन वर्षं गिऱ्हाईक कोणत्या जमिनीला येत नाही गं? ठाऊक असलं तर मंगळवारचं बोलणं टोमणा होता. "तुमाला ठिवा", म्हणजे घ्या, बसा आता तेच खात. असं असलं तर बरं, मला ते लागू आहे. पण तुझा आवाज टोमण्याचा नव्हता. टोमणा मारताना तुझी डावी भुवई वर जायची, लकव्यानंतरबी जायची. मंगळवारी गेली नव्हती. तू खरंच माझं म्हातारपण बघत होतीस. नसलेली जमीन तू मला देऊन गेलीस आणि मी ती घेतली. नको म्हणालो नाही. गप घेतली आणि गाडी चुकंल म्हणून उठलो.

शुक्रवारी शेजारच्या गणपतच्या फोनवर बाळूचा फोन आला. गणपत माझ्यापुढं फोन धरून उभा राहिला आणि पलीकडून बाळू नुसता रडत होता. टेम्पोत घालून तुला गावात आणणार म्हणाले. औंदा ऊस कमी, कारखान्यांचा पट्टा लवकर पडला, हंगाम आटपला, म्हणून महादेव घरी होता. तो लाकडं बघायला गेला. मी अंगण झाडलं. दोनदा झाडलं. तीन वर्षांनी घरी येणार होतीस. आपल्याला एकत्र राहायला खोली पाहिजे होती, तर तू दुपारभर अंगणात राहिलीस. मी जवळ बसलो. बायका उठवायला लागल्या तर उठलो नाही. साडेचार तेव्हाबी वाजले. जायला गाडी नव्हती, तर तुलाच नेलं.

आपल्यात दुसऱ्या दिवशीच राख सावडतात. सकाळी उन्हं यायच्या आधी सगळे वसरीत जमले. तेव्हा शांता म्हणाली, "राख नदीला न्यायची न्हाई. मायच्या एकरात टाकायची. तिचा जीव तितंच व्हता."

महादेव खाली बघायला लागला. बाळू उठून बाहेर गेला. शांताला कोणी सांगितलेलंच नव्हतं. ती वडवणीला, तिच्यासाठी तेलाचे डबे येत होते, तेवढंच तिला ठाऊक. जमीन विकली तेव्हा तिला वाटलं बाळूनं त्याची विकली, मायचा एकर आहे.

मी म्हणालो, "थांबा, आलो." आणि चालत गेलो. रशीदभाई आता तिथं सीताफळं लावून बसलाय, झोपडीतच होता, टँकरची वाट बघत. मला बघून उठला. मी त्याला हात जोडले. आयुष्यात चिटबॉयला जोडले, तहसीलदाराला जोडले, पण हे हात जड झाले होते. सांगितलं, "पोरीला ठावं न्हाई. थोडी राख टाकतो बांधाला. धा मिनटं."

तो म्हणाला, "क्या दादा, पूछने कायकू आये? टाको की. अपनीच जमीन समझो."

भला माणूस आहे. त्यानं मनापासून म्हटलं. पण ते ऐकलं आणि मी तिथंच खाली बसलो. रस्ता मोकळा झाला होता ना. शांता येईल, राख टाकील, रडंल, घरी जाईल. रशीदभाई बोलणार नाही, पोरं बोलणार नाहीत. खोटं तुझ्या राखेवरनंसुद्धा पार झालं असतं आणि मग माझ्या राखेपर्यंत निवांत चाललं असतं. अपनीच समझो. अठरा वर्षं मी तुला तेच म्हणत आलो होतो.

मी परत आलो. शांता गाडगं मांडीवर घेऊन बसली होती. सगळ्यांच्या समोर, उभ्या उभ्याच सांगितलं. वाटणीपासून सांगितलं. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"मायला ठावं व्हतं का?"

"मला ठावं न्हाई."

"तुमी इचारलं न्हाई?"

"न्हाई."

ती गाडगं घेऊन उठली. म्हणाली, "लोकाच्या रानात माय ठिवायची न्हाई मला." आणि नदीच्या वाटेला लागली. आम्ही तिघं मागं मागं.

सिंदफणेला पाणी कुठलं. पात्रभर वाळू, तीबी ट्रॅक्टरवाल्यांनी खड्डे करून नेलेली. राख सोडायची कशात? शांता मधोमध उभी राहिली. महादेव खोरं आणायला निघाला, त्याला मी नको म्हणालो. गुडघ्यावर बसलो आणि पाण्यासाठी हातानं झिरा खांदायला लागलो. वरची वाळू तापायला लागली होती. कोपरापर्यंत गेलो, खांद्यापर्यंत गेलो. बाजूची वाळू सारखी आत ढासळायची, मी परत काढायचो. बाळू वाकला तर शांता म्हणाली, "त्यांनाच खांदू द्या." नखं फुटली. पाणी लागलं नाही. लई खाली गेल्यावर वाळू काळी झाली, हाताला गार लागली. ओल होती.

मी शांताकडं हात केले. तिनं गाडगं माझ्या हातात दिलं नाही. स्वतःच आडवी होऊन, हात खाली घालून तिनं तुला त्या ओलीत ठेवलं. मग ती बाजूला सरली आणि मी वाळू लोटली.